ऊया कन्सोलवर रूट आणि लिनक्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मूळ ऊया कन्सोलसाठी आहे, म्हणजे टीव्हीला जोडायच्या, अँड्रॉइड ४.१ वर चालणाऱ्या छोट्या चौकोनी गेम कन्सोलसाठी. रूट म्हणजे यंत्रावरचे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता. खालच्या सगळ्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. मोठी अक्षरं लागतात तिथं तसं सांगितलं आहे. जोडरेघा, तिरप्या रेघा, बरोबरची चिन्हं जशीच्या तशी ठेवायची.

ऊयाच्या आत नेमकं काय आहे?

एनव्हिडियाचा टेग्रा ३ प्रोसेसर (कॉर्टेक्स ए-९ चे चार कोअर), १ जीबी रॅम, ८ जीबी अंतर्गत साठा, एचडीएमआय, एक पूर्ण आकाराचा यूएसबी २.०, एक मायक्रो यूएसबी, १०० एमबीपीएस इथरनेट आणि वायफाय. २०१२ मध्ये किकस्टार्टरवर या कन्सोलसाठी ८५ लाख डॉलरहून जास्त रक्कम उभी राहिली. जून २०१३ मध्ये तो ९९ डॉलरला दुकानांत आला. २०१५ मध्ये रेझरने सॉफ्टवेअरचा भाग विकत घेतला आणि २५ जून २०१९ ला अधिकृत सर्व्हर बंद झाले.

लिनक्सच्या दृष्टीने यातल्या दोन गोष्टी कामाच्या. टेग्रा ३ हा एआरएमव्ही-७ प्रोसेसर आहे आणि दशांश गणित हार्डवेअरमध्येच करतो, त्यामुळे डेबियनची (लिनक्सचा एक प्रचलित संच) ‘आर्महेच-एफ’ आवृत्ती अडखळत नाही. आणि इथरनेट आहे, म्हणजे टीव्ही न लावताही कन्सोल घरातल्या छोट्या सर्व्हरसारखा वापरता येतो. डेस्कटॉप पीसीची जागा तो घेईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. १ जीबी रॅममध्ये आजचा ब्राउझर नीट बसत नाही.

ऊया आधीपासूनच रूट असतो असं म्हणतात. मग वेगळं रूट कशाला?

म्हणणं अर्धं खरं आहे. कंपनीने पहिल्यापासून ‘उघडा कन्सोल’ म्हणूनच तो विकला आणि रूट केल्याने वॉरंटी जाणार नाही, असंही सांगितलं होतं. एडीबीने (पीसीवरून कन्सोलला कमांड देणारं अँड्रॉइडचं साधन) आत शिरून ‘सु’ (रूटचे अधिकार देणारी कमांड) टाइप केलं की रूटची खूण ‘#’ मिळतो. पण कारखान्यातून आलेली ही ‘सु’ फाइल फक्त दोघांनाच ओळखते : शेल (एडीबीने आत आलेला वापरकर्ता) आणि खुद्द रूट. कन्सोलवरच्या एखाद्या अ‍ॅपने रूट मागितलं, तर त्याला सरळ नकार मिळतो.

त्यामुळे आधी आपली गरज ठरवा. पीसीवरूनच सगळं करणार असाल, तर कारखान्याची ‘सु’ पुरते आणि रूटचे पुढचे टप्पे सोडून थेट लिनक्सच्या प्रश्नांकडे गेलात तरी चालेल. कन्सोलवरच्या टर्मिनल अ‍ॅपमधून किंवा चालू होताना आपोआप लिनक्स उठवायचा असेल, तर परवानगी विचारणारी ‘सु’ बसवावी लागते.

सुरुवातीला काय काय जवळ हवं?

डेटा जाणारी मायक्रो यूएसबी केबल. नुसत्या चार्जिंगच्या केबलने पीसीला कन्सोल दिसतच नाही, आणि ‘एडीबी चालत नाही’ म्हणून येणाऱ्या तक्रारींचं पहिलं कारण बहुतेक वेळा तेच असतं. पीसीवर लिनक्स असेल तर उत्तम, कारण डेबियनची प्रतिमा फाइल (अख्खी फाइलव्यवस्था मावणारी एकच फाइल) तिथंच तयार होते. विंडोजवाल्यांनी व्हर्च्युअल मशीनमध्ये डेबियन टाकून घ्यावं. एक साधा यूएसबी कीबोर्ड हवा, वायरवाला. संकटात ब्लूटूथ कीबोर्ड कामाचा नाही. कन्सोलवर किमान ३ जीबी जागा मोकळी हवी.

जुना कन्सोल परदेशातून मागवला असेल, तर अडॅप्टरवर छापलेली इनपुटची ओळ वाचा. १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर फक्त पिन बदलणारा प्लग लागतो. तसं लिहिलेलं नसेल, तर आपल्याकडच्या २३० व्होल्टला तो लावू नका.

जुना कन्सोल घेतला, पण तो खातं मागतो आणि पुढंच जात नाही. काय करायचं?

फॅक्टरी रीसेटनंतर ऊया अधिकृत सर्व्हरवर नोंदणी करायला जातो आणि तो सर्व्हर आता नाही. उपाय असा : कन्सोल मायक्रो यूएसबीने पीसीला जोडला की त्याचा अंतर्गत साठा दिसतो. त्याच्या सर्वांत वरच्या पातळीवर ‘ऊया अंडरस्कोर कॉन्फिग डॉट प्रॉपर्टीज’ नावाची साधी मजकूर फाइल ठेवायची. तिच्यात ‘ऊया_सर्व्हर_यूआरएल’ (रोमन मोठ्या अक्षरांत), बरोबरचं चिन्ह आणि ऊयाप्रेमींनी चालवलेल्या पर्यायी सर्व्हरचा पत्ता लिहायचा. कन्सोल पुन्हा चालू केला की तो त्या पत्त्यावर जातो.

यावरून एक सवय लावून घ्या. कन्सोल नीट चालत असेल, तर ‘एकदा साफ करून घेऊ’ म्हणून फॅक्टरी रीसेट करू नका.

एडीबी कसं चालू करायचं? पीसीवर यादी रिकामीच येते.

कन्सोलवर मॅनेज, मग सिस्टिम, मग डेव्हलपमेंट. तिथं एडीबी चालू करा. पीसीवर ‘एडीबी डिव्हायसेस’ टाइप करा.

यादी रिकामी आली तर केबल बदला, मग पोर्ट बदला. तरीही नाही, तर अडचण विक्रेता क्रमांकाची. ऊयाचा यूएसबी विक्रेता क्रमांक २८३६ (षोडशमान पद्धतीत) आहे आणि जुन्या एडीबीला तो माहीत नसतो. त्यासाठी होम फोल्डरमधल्या ‘डॉट अँड्रॉइड’ फोल्डरात ‘एडीबी_यूएसबी.आयएनआय’ फाइल करून तिच्यात शून्य, एक्स, २८३६ एवढी एकच ओळ लिहायची. मग ‘एडीबी किल-सर्व्हर’ देऊन पुन्हा यादी पाहायची. नव्या एडीबीला ही फाइल लागत नाही. लिनक्सवर यादीत ‘नो परमिशन्स’ दिसलं तर युडेव्हचा (उपकरणांच्या परवानग्या ठरवणारी लिनक्सची सेवा) नियम लिहावा लागतो : त्या विक्रेता क्रमांकाला मोड ०६६६. विंडोजवर गुगलच्या यूएसबी ड्रायव्हरच्या ‘आयएनएफ’ फाइलमध्ये हाच क्रमांक घालावा लागतो.

अ‍ॅपना रूट देण्याचे टप्पे सांगा.

अँड्रॉइड ४.१ च्या काळातलं सुपरयूझर किंवा सुपरएसयू घ्या. त्याच्या झिपमधून दोन फाइली काढा : ‘एपीके’ आणि ‘आर्म’ प्रोसेसरसाठीची ‘सु’. मग :

१. ‘एडीबी इन्स्टॉल’ने एपीके बसवा.

२. ‘एडीबी पुश सु /डेटा/लोकल/टीएमपी/सु’

३. ‘एडीबी शेल’, आणि आत ‘सु’. डॉलरचं चिन्ह जाऊन ‘#’ यायला हवा.

४. सिस्टम पार्टिशन लिहिण्याजोगं करा : ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू -टी ईएक्सटी४ /देव/ब्लॉक/प्लॅटफॉर्म/एसडीएचसीआय-टेग्रा.३/बाय-नेम/एपीपी /सिस्टम’. शेवटचं ‘एपीपी’ मोठ्या अक्षरांत. टेग्रावर सिस्टम पार्टिशनचं नावच ते आहे.

५. ‘सीडी /सिस्टम/एक्सबिन’. मग जुन्या फाइलची प्रत : ‘कॅट सु > सु-जुना’, आणि ‘सीएचमॉड ६७५५ सु-जुना’. इथं ‘सीपी’ चालत नाही म्हणून गोंधळू नका, ४.१ च्या टूलबॉक्समध्ये ती कमांडच नाही. ‘कॅट’ आणि ‘>’ने तेच काम होतं.

६. ‘कॅट /डेटा/लोकल/टीएमपी/सु > सु-नवा’, मग ‘सीएचओन रूट.रूट सु-नवा’, मग ‘सीएचमॉड ६७५५ सु-नवा’, आणि शेवटी ‘एमव्ही सु-नवा सु’.

७. ही खिडकी बंद करू नका. दुसऱ्या टर्मिनलमध्ये नवं ‘एडीबी शेल’ उघडून ‘सु’ आणि मग ‘आयडी’ देऊन पाहा. ‘यूआयडी=०’ आलं की झालं. नाही आलं, तर पहिल्या खिडकीत अजून रूट आहे. ‘सु-जुना’ परत जागेवर ठेवता येतो.

सातवा टप्पा गाळून रीबूट केलं आणि चुकीच्या प्रोसेसरची ‘सु’ बसली असेल, तर आत जायचा दरवाजा आपल्याच हाताने बंद झाला असं समजा.

नवी ‘सु’ बसली, पण अ‍ॅपला परवानगी विचारणारी चौकट येत नाही.

‘एलएस -एल’ने फाइल पाहा. परवानगीच्या जागी ‘एस’ हे अक्षर (फाइल चालवणाऱ्याला तिच्या मालकाचे अधिकार देणारी खूण) दोनदा दिसायला हवं. दिसत नसेल तर ‘सीएचमॉड’ राहिलं, किंवा ‘सीएचओन’ नंतर केलं गेलं. मालक बदलला की लिनक्स तो ‘एस’ स्वतःहून पुसतो, म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी ‘सीएचओन’, मग ‘सीएचमॉड’.

४.३ पासून अँड्रॉइडने अ‍ॅपकडून हा ‘एस’ वापरणं बंद केलं आणि पार्श्वभूमीत चालणारा डेमन आवश्यक केला. ऊयाला ते लागू नाही. त्यामुळे नव्या फोनांसाठीची रूट साधनं इथं आणू नका.

कशाने कन्सोल कायमचा जातो?

चुकीचं कर्नल (व्यवस्थेचा गाभा) फ्लॅश केल्याने, म्हणजे कन्सोलच्या साठ्यात कायमचं लिहिल्याने. या पानावरचं बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका.

फोनवर आवाजाचं बटण दाबून धरलं की फास्टबूट (अँड्रॉइड उठण्याआधी पीसीवरून कर्नल चालवण्याची किंवा लिहिण्याची सोय) उघडतं. ऊयावर असं एकही बटण नाही. फास्टबूटमध्ये जायचा नेहमीचा रस्ता एकच : चालू अँड्रॉइडमधून ‘एडीबी रीबूट बूटलोडर’. कर्नल ‘एलएनएक्स’ नावाच्या पार्टिशनमध्ये असतं, रिकव्हरी (दुरुस्तीसाठीची छोटी व्यवस्था) ‘एसओएस’मध्ये. ‘एलएनएक्स’मध्ये न चालणारं कर्नल बसलं की अँड्रॉइड उठत नाही. अँड्रॉइड नाही तर एडीबी नाही, आणि एडीबी नाही तर फास्टबूट नाही. साखळी तिथंच तुटते आणि डबा ब्रिक होतो, म्हणजे विटेसारखा निकामी.

म्हणून नवं कर्नल किंवा रिकव्हरी आधी नेहमी ‘फास्टबूट बूट’ने तात्पुरतं चालवायचं. ते फक्त रॅममध्ये जातं. फसलं तर वायर काढून परत लावली की जुना ऊया जसाच्या तसा उठतो. ‘फास्टबूट फ्लॅश बूट’ ही कमांड लिनक्ससाठी कधीही लागत नाही. ती देऊच नका.

निदान बॅकअप तरी कसा घ्यायचा?

रूट शेलमध्ये ‘डीडी आयएफ=/देव/ब्लॉक/प्लॅटफॉर्म/एसडीएचसीआय-टेग्रा.३/बाय-नेम/एलएनएक्स ओएफ=/एसडीकार्ड/एलएनएक्स.आयएमजी’. तसंच ‘एसओएस’चं आणि ‘एपीपी’चं. मग ‘एडीबी पुल’ने पीसीवर आणा. ‘आयएफ’ म्हणजे कुठून आणि ‘ओएफ’ म्हणजे कुठे. दोन्हींची अदलाबदल झाली तर बॅकअपच्या नादात पार्टिशन पुसलं जातं. एंटर दाबण्याआधी ओळ दोनदा वाचा.

अँड्रॉइड लोगोवर अडकला, पण कर्नल शाबूत आहे. काही उपाय?

सिस्टममधली फाइल बिघडली असेल तर आहे. यूएसबी कीबोर्ड लावून कन्सोल चालू करा. ‘ऑल्ट’ आणि ‘प्रिंट स्क्रीन’ दाबून धरा आणि ‘आय’ पुन्हा पुन्हा दाबा, मग ‘होम’ दाबा. या जोडीने कर्नल पहिली प्रक्रिया सोडून बाकीच्या सगळ्या मारतं, आणि त्यातून कन्सोल रिकव्हरीत जातो. एका दमात जमेल असं नाही, चार-पाचदा करून पाहा. हे काम कर्नलच करतं, त्यामुळे कर्नलच बिघडलं असेल तर ही युक्तीही नाही.

लिनक्स चालवायचे मार्ग किती, आणि कोणता निवडायचा?

दोन. पहिला ‘क्रूट’ : अँड्रॉइडचं कर्नल तसंच चालू राहतं आणि त्याच्या शेजारी डेबियनची फाइलव्यवस्था उघडून तिच्यात काम करायचं. दुसरा म्हणजे फास्टबूटने स्वतंत्र लिनक्स कर्नल चालवून यूएसबीवरची पूर्ण व्यवस्था उठवायची.

आमचं मत स्पष्ट आहे : आधी क्रूट. त्यात कोणत्याही पार्टिशनला हात लागत नाही, एक फाइल पुसली की डेबियन पूर्ण निघून जातं. एसएसएच, पायथन, छोटा वेब सर्व्हर, डाउनलोड, फाइल वाटप यांपैकी कशालाही दुसरा मार्ग लागत नाही.

क्रूटमध्ये डेबियनची कोणती आवृत्ती घ्यायची? नवी टाकली तर ‘कर्नल टू ओल्ड’ येतं.

डेबियन ८, म्हणजे जेसी. पुढची कुठलीही आवृत्ती नको.

कारण असं. ऊयाचं अँड्रॉइड कर्नल ३.१.१० आहे, ‘युनेम -आर’ने तुमचं पाहून घ्या. डेबियन ९ मध्ये (स्ट्रेच) जी-लिबसी (सगळ्या प्रोग्रामांना लागणारी मूळ लायब्ररी) २.२४ आहे आणि त्या आवृत्तीपासून आर्मवर किमान ३.२ कर्नल लागतं. ऊया ३.१ वर थांबला, म्हणजे एका पायरीने हुकला. त्यामुळे स्ट्रेच, त्यापुढचं बस्टर किंवा आजचं उबुंटू टाकलं की पहिलीच कमांड ‘फेटल : कर्नल टू ओल्ड’ म्हणून मरते. प्रतिमा फाइल खराब नसते, केबल खराब नसते, पुन्हा पुन्हा डाउनलोड करून काही होत नाही. जेसीमध्ये जी-लिबसी २.१९ आहे आणि ते या कर्नलवर बिनतक्रार चालतं.

प्रतिमा फाइल कशी बनवायची?

लिनक्स पीसीवर :

‘डीडी आयएफ=/देव/झिरो ओएफ=डेबियन.आयएमजी बीएस=१एम काउंट=२०४८’. शेवटचा ‘एम’ मोठा. २ जीबीची फाइल होईल.

‘एमकेएफएस.ईएक्सटी३ -एफ डेबियन.आयएमजी’, यातला ‘एफ’ मोठा.

‘सुडो माउंट -ओ लूप डेबियन.आयएमजी /एमएनटी’

‘सुडो डेबूटस्ट्रॅप --आर्क=आर्महेच-एफ --फॉरेन जेसी /एमएनटी’ आणि शेवटी डेबियनच्या आर्काइव्ह सर्व्हरचा पत्ता. डेबूटस्ट्रॅप म्हणजे डेबियन उतरवून फोल्डरात मांडणारं साधन. जेसी नेहमीच्या मिरर सर्व्हरवरून काढून टाकली आहे, म्हणून साधा पत्ता दिला तर फाइल सापडत नाही. सहीच्या चाव्या जुन्या असल्याने तपासणी अडली, तर ‘--कीरिंग’ने डेबियनच्या ‘रिमूव्ह्ड कीज’ची फाइल दाखवा.

‘सुडो युमाउंट /एमएनटी’, आणि मग ‘एडीबी पुश डेबियन.आयएमजी /डेटा/लोकल/टीएमपी/’. एसडीकार्डच्या फोल्डरात टाकून मग हलवायला गेलात, तर दोन प्रतींची जागा लागेल.

ईएक्सटी४ का नाही?

आजच्या पीसीवर केलेल्या ईएक्सटी४ मध्ये ‘मेटाडेटा चेकसम’ आपोआप चालू असतो आणि ३.१ कर्नलला तो कळत नाही. लिहिण्यासाठी माउंट करायला गेलं की ते नाकारतं. कर्नलच्या नोंदीत ‘अनसपोर्टेड ऑप्शनल फीचर्स’ आणि कंसात ४०० हा आकडा दिसतो. एकेक सोय बंद करत बसण्यापेक्षा ईएक्सटी३ करा. कन्सोलवर ते ईएक्सटी४ म्हणूनच माउंट होतं.

प्रतिमा फाइलच कशाला? डेटामध्ये फोल्डर करून डेबियन ओतलं तर?

अँड्रॉइड डेटा पार्टिशन ‘नोसुइड’ आणि ‘नोदेव’ लावून माउंट करतं. फोल्डरात टाकलेल्या डेबियनमध्ये ‘सुडो’ चालणार नाही आणि ‘/देव/नल’सारख्या फाइली काम करणार नाहीत. डेबूटस्ट्रॅपही ‘नोएक्झेक ऑर नोदेव’ म्हणत थांबतं. प्रतिमा फाइल स्वतंत्र माउंट होते, त्यामुळे ही बंधनं तिला लागत नाहीत.

आता कन्सोलवर ती उठवायची कशी?

आधी बिझीबॉक्स (अनेक लिनक्स कमांड एकाच फाइलमध्ये देणारा) हवा, आर्मसाठीचा, स्टॅटिक. तो ‘पुश’ करून ‘/डेटा/लोकल/बिझीबॉक्स’ म्हणून ठेवा आणि ‘सीएचमॉड ७५५’ करा. सिस्टममध्ये बसवायची गरज नाही. मग रूट शेलमध्ये :

‘बी=/डेटा/लोकल/बिझीबॉक्स’ आणि ‘डी=/डेटा/लोकल/डेबियन’ (बी आणि डी मोठे)

‘एमकेडीआयआर $डी’

‘$बी लूझसेटअप /देव/ब्लॉक/लूप७ /डेटा/लोकल/टीएमपी/डेबियन.आयएमजी’

‘$बी माउंट -टी ईएक्सटी४ /देव/ब्लॉक/लूप७ $डी’

‘$बी माउंट -टी प्रॉक प्रॉक $डी/प्रॉक’

‘$बी माउंट -टी सिसएफएस सिस $डी/सिस’

‘$बी एन्व्ह -आय होम=/रूट टर्म=लिनक्स पाथ=/यूएसआर/एसबिन:/यूएसआर/बिन:/एसबिन:/बिन $बी क्रूट $डी /डेबूटस्ट्रॅप/डेबूटस्ट्रॅप --सेकंड-स्टेज’ (होम, टर्म, पाथ ही तीन नावं मोठ्या अक्षरांत)

शेवटची ओळ एकदाच द्यायची. पॅकेजं उलगडायला वेळ लागतो, मध्ये वायर काढू नका. संपल्यावर देवपीटीएस (टर्मिनल पुरवणारी फाइलव्यवस्था) जोडा : ‘$बी माउंट -टी देवपीटीएस देवपीटीएस $डी/देव/पीटीएस’. यापुढे दर वेळी त्याच लांब ओळीच्या शेवटी डेबूटस्ट्रॅपऐवजी ‘/बिन/बॅश -एल’ लिहायचं. माउंट मात्र कन्सोल चालू झाल्यावर दर वेळी करावे लागतात. ते एका स्क्रिप्टमध्ये भरून ठेवा.

तीन गोष्टी मुद्दाम अशा ठेवल्या आहेत. बिझीबॉक्सचं ‘-ओ लूप’ वापरलं नाही, कारण ते लूप फाइल ‘/देव’मध्ये शोधतं आणि अँड्रॉइडने ती ‘/देव/ब्लॉक’मध्ये ठेवलेली असते. लूपचा क्रमांक ७ घेतला, कारण खालचे क्रमांक अँड्रॉइड स्वतः वापरतं. आणि ‘एन्व्ह -आय’ने अँड्रॉइडचं वातावरण पुसलं, नाहीतर अँड्रॉइडचा पाथ डेबियनमध्ये शिरतो आणि पॅकेजं बसवणारं डीपीकेजी ‘एलडीकॉन्फिग नॉट फाउंड’ म्हणत थांबतं.

आत आलो, पण इंटरनेट नाही.

‘/ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ’मध्ये ‘नेमसर्व्हर ८.८.८.८’ लिहा. अँड्रॉइड नावांचे पत्ते स्वतःच्या पद्धतीने शोधतं, ते डेबियनला आयतं मिळत नाही. ‘/ईटीसी/होस्ट्स’मध्ये ‘१२७.०.०.१ लोकलहोस्ट’ हेही पाहून घ्या.

रूटला नेट आहे आणि साध्या वापरकर्त्याला ‘सॉकेट : परमिशन डिनाइड’ येत असेल, तर ते अँड्रॉइड कर्नलचं खास बंधन आहे : क्रमांक ३००३ च्या गटात नसलेल्याला सॉकेट उघडता येत नाही. ‘ग्रुपअ‍ॅड -जी ३००३ एआयडी_इनेट’, मग ‘यूझरमॉड -ए -जी एआयडी_इनेट’ आणि वापरकर्त्याचं नाव (दुसऱ्या कमांडमधला ‘जी’ मोठा). बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा.

अ‍ॅप्ट-गेट सह्या जुन्या म्हणून अडतं.

‘सोर्सेस.लिस्ट’मधल्या ओळीत ‘डेब’ या शब्दानंतर चौकोनी कंसात ‘ट्रस्टेड=यस’ लिहा. पत्ता आर्काइव्ह सर्व्हरचाच, साध्या एचटीटीपीवरचा. सही न तपासता पॅकेजं घ्यायची म्हणजे जोखीम आहे. म्हणून घरच्या भरवशाच्या नेटवरून, एकदा लागेल तेवढं उतरवून घ्या.

‘सिस्टमसीटीएल’ काहीच करत नाही.

करणार नाही. पहिली प्रक्रिया अँड्रॉइडची आहे, सिस्टमडी (डेबियनच्या सेवा सांभाळणारी प्रक्रिया) इथं उठतच नाही. ‘सर्व्हिस एसएसएच स्टार्ट’ चालतं. एसएसएचने ‘पीटीवाय अ‍ॅलोकेशन रिक्वेस्ट फेल्ड’ म्हटलं तर देवपीटीएस माउंट करायचं राहिलं. रूटला पासवर्डने लॉगिन जेसी देत नाही. वेगळा वापरकर्ता करा.

टीव्हीवर डेस्कटॉप दिसेल का?

दिसेल, व्हीएनसीच्या (एका यंत्राचा पडदा नेटवरून दुसरीकडे दाखवणारी पद्धत) वळणाने. डेबियनमध्ये ‘टाइटव्हीएनसीसर्व्हर’ आणि एलएक्सडीई हा हलका डेस्कटॉप बसवा, सर्व्हर ७२० ओळींच्या आकारात चालू करा आणि कन्सोलवर व्हीएनसी दाखवणारं अँड्रॉइड अ‍ॅप टाकून लोकलहोस्टच्या ५९०१ पोर्टला जोडा. लिहिणं, फाइली हाताळणं ठीक चालतं. व्हिडिओ आणि खेळ यांसाठी हा मार्ग नाही. त्यासाठी अँड्रॉइडची बाजूच वापरा.

मराठी वाचता-लिहिता येईल?

हो. ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ बसवल्याशिवाय देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात. ‘लोकेल्स’ पॅकेजमधून एमआर_आयएन, यूटीएफ-८ तयार करा. टाइपिंगसाठी ‘आयबस-एम१७एन’ घ्या. व्हीएनसीमध्ये कळांची मांडणी अँड्रॉइडकडून येते, त्यामुळे ‘सेटएक्सकेबीमॅप’वर अवलंबून राहण्यापेक्षा आयबस बरं.

अँड्रॉइड बाजूला ठेवून थेट लिनक्स उठवायचा असेल तर?

लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये ५ मालिकेपासून ऊयाची डिव्हाइस ट्री (हार्डवेअरचं वर्णन; तिची तयार फाइल म्हणजे डीटीबी) आहे, म्हणजे इथं ‘कर्नल टू ओल्ड’चा प्रश्न मिटतो आणि नवं डेबियन चालतं. कर्नल बांधताना ‘अपेंडेड डीटीबी’ चालू ठेवा. ऊयाचा बूटलोडर २०१३ चा आहे, त्याला डिव्हाइस ट्री वेगळी देता येत नाही. म्हणून झेडइमेजच्या (कर्नलची दाबलेली फाइल) मागे ‘टेग्रा३०-ऊया’ची डीटीबी ‘कॅट’ने चिकटवायची. मग ‘एडीबी रीबूट बूटलोडर’, ‘फास्टबूट डिव्हायसेस’मध्ये क्रमांक येतो का ते पाहा (टीव्हीच्या पडद्यावरून अंदाज बांधू नका), आणि ‘फास्टबूट बूट’ला झेडइमेज व इनिटआरडी (सुरुवातीला लागणारी छोटी फाइलव्यवस्था) द्या.

रूट फाइलव्यवस्था यूएसबी ड्राइव्हवर ठेवा. पूर्ण आकाराचा पोर्ट एकच असल्याने ड्राइव्ह आणि कीबोर्ड दोन्हीसाठी स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या. बूट अर्धवट थांबून ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ दिसलं, तर कर्नल ओळीत ‘रूटवेट’ आहे का ते आधी पाहा; यूएसबी ड्राइव्ह ओळखायला काही सेकंद लागतात. इथरनेट एसएमएससीच्या यूएसबी चिपवर आहे आणि त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधून घेतला तर नेट लगेच मिळतं. वायफायची ब्रॉडकॉम चिप वेगळं फर्मवेअर मागते. पहिल्यांदा वायरनेच जोडा.

ग्राफिक्सचा वेग मिळेल का?

या मार्गाने भरवशाचा नाही. टेग्रा ३ चा ग्राफिक्स भाग एनव्हिडियाच्या मोठ्या कार्डांहून वेगळ्या बांधणीचा आहे, त्यामुळे नूव्हो ड्रायव्हर इथं लागू पडत नाही. सगळं चित्र प्रोसेसरच काढतो.

नेटवरून एडीबी चालू ठेवलं तर चालेल?

‘सेटप्रॉप सर्व्हिस.एडीबी.टीसीपी.पोर्ट ५५५५’, मग ‘स्टॉप एडीबीडी’, ‘स्टार्ट एडीबीडी’. सोयीचं आहे, पण काम झालं की बंद करा. एडीबीची चावी विचारणारी सुरक्षा ४.२.२ मध्ये आली, ऊया ४.१ वर आहे. त्या वायफायवर असलेला कुणीही विनापासवर्ड शेलमध्ये येतो, आणि शेलला कारखान्याची ‘सु’ रूट देते. राउटरवरून ५५५५ किंवा एसएसएचचा पोर्ट बाहेर उघडू नका. जेसीला सुरक्षा सुधारणा मिळणं केव्हाच थांबलं आहे.

सगळं काढून पूर्ववत कसं करायचं?

डेबियनमधल्या सर्व्हिस थांबवा, शेलमधून बाहेर या. मग उलट्या क्रमाने युमाउंट : देव/पीटीएस, सिस, प्रॉक आणि शेवटी $डी. ‘डिव्हाइस बिझी’ आलं तर एसएसएच किंवा व्हीएनसी अजून चालू आहे; ‘$बी पीएस’मध्ये शोधून ती प्रक्रिया मारा. ‘$बी लूझसेटअप -डी /देव/ब्लॉक/लूप७’, आणि त्यानंतरच प्रतिमा फाइल पुसा. माउंट असतानाच रिकामा करायचा म्हणून $डी फोल्डर ‘आरएम -आर’ने उडवायला गेलात, तर प्रॉक आणि सिसमध्येही पुसापुशी सुरू होते. ‘सु’ बदलली असेल तर सिस्टम पुन्हा लिहिण्याजोगं करून ‘सु-जुना’ जागेवर ठेवा, सुपरयूझर अ‍ॅप काढा, रीबूट करा.